स्कायरिममध्ये तलवार न उचलता: अभ्यासक कॅरेक्टर खेळायचं असेल तर

स्कायरिम या व्हिडिओ गेममधले माझे पहिले तीन अभ्यासक, म्हणजे न लढता शोध घेत फिरणारी कॅरेक्टर, वाया गेले. पहिला रिव्हरवुडच्या बाहेर लांडग्यांनी खाल्ला, दुसरा लेव्हल १२ पर्यंत पोचेस्तोवर दोन्ही हातांतून आग ओकणारा नेहमीचाच जादूगार झाला होता, आणि तिसऱ्याचा मलाच कंटाळा आला कारण त्याला करायला काही नव्हतं, नुसता सरायमध्ये बसून पुस्तकं वाचायचा. चौथा मात्र टिकला, एक म्हातारा ब्रेटन (गेममधला एक वंश), आणि त्याच्यासोबत मी दोन महिने रोज रात्री खेळलो. त्या चौथ्यात काय वेगळं केलं ते इथे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचे पहिले तीन वाचतील.

गेम स्कायरिम धरलाय, २०११ चा मूळ असो, २०१६ ची स्पेशल एडिशन असो की २०२१ ची अ‍ॅनिव्हर्सरी, फार फरक पडत नाही. एक आधीच समजून घ्या, हा गेम तुम्हाला न लढता खेळू द्यायला अजिबात उत्सुक नाहीये, दर वळणावर कोणीतरी कुऱ्हाड घेऊन उभं असतं, त्यामुळे थोडी तयारी लागते.

हाताशी काय हवं

- गेम, आणि त्यात या कॅरेक्टरसाठी वेगळे सेव्ह. निदान चार-पाच ठेवा, एकाच सेव्हवर सेव्ह करत बसलात तर मरणाच्या दोन सेकंद आधीचा सेव्ह घेऊन अडकाल.
- एक खरी वही आणि पेन. फोनवरची नोट पण चालेल, पण वही बरी. का ते पुढे येईल.
- ऑटोसेव्ह सगळीकडे चालू, प्रवास, झोप, वाट बघणं, सगळं.
- मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल, ऐच्छिक. एकच सुचवतो, 'अल्टरनेट स्टार्ट - लिव्ह अनदर लाइफ', त्यात सुरुवातीच्या मुंडकं उडवायच्या प्रकारातून सुटका होते आणि एखाद्या सरायमधला पाहुणा म्हणून वगैरे सुरुवात करता येते. पण पहिल्यांदाच गेम खेळत असाल तर मॉडशिवाय खेळा. स्पेशल एडिशनमध्ये मॉड टाकले की अचीव्हमेंट बंद होतात हेही लक्षात असू द्या.

१. आधी प्रश्न ठरवा, चेहरा नंतर

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक तासभर नाकाची लांबी आणि दाढीचा रंग ठरवतात, "हा एक विद्वान आहे" एवढं म्हणतात आणि निघतात. विद्वान कशाचा? त्याला काय शोधायचंय? हे नसेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही परत डाकूंच्या गुहेत शिराल, कारण नकाशावर तेवढंच दिसत असतं.

माझ्या म्हाताऱ्याचा प्रश्न होता: निर्नरूट का गुणगुणते? निर्नरूट म्हणजे पाण्याकाठी उगवणारी, मंद उजेड देणारी वनस्पती, जवळ गेलं की किणकिण असा आवाज येतो. बस, एवढाच प्रश्न. पण त्यामुळे तो कुठे जाणार (नदीकाठ, तळी), कोणाशी बोलणार (औषधवाले), काय सोबत ठेवणार हे सगळं आपोआप ठरलं. माझी पहिली शास्त्रीय नोंद अशी आहे: "एक खाल्ली. तब्येत बिघडली." कारण या गेममध्ये कुठलाही पदार्थ खाल्ला की त्याचा पहिला गुणधर्म कळतो आणि निर्नरूटचा पहिला गुणधर्म म्हणजे जीवाला अपाय.

तुमचा प्रश्न वेगळा असू दे. ड्वेमर हे गेममधले प्राचीन, यंत्रं बनवणारे लोक एकाएकी नाहीसे कसे झाले, लोक त्यांच्या देवळात नक्की काय मागतात, ड्रॅगनची लिपी कशी वाचायची. हा शेवटचा खरंच करता येण्यासारखा आहे, त्या लिपीला ३४ अक्षरं आहेत, नखांनी ओरखडल्यासारखी दिसतात, आणि भिंतींवरचा मजकूर नुसता सजावटीचा नाहीये, त्याला अर्थ आहे, बसून लावता येतो. फक्त त्या भिंती बहुतेक करून ड्रॉगर (उठून चालणारी मढी) भरलेल्या थडग्यांच्या तळाशी असतात, त्यामुळे पहिल्या कॅरेक्टरला हा विषय घेऊ नका. प्रश्न छोटा आणि हातात धरता येईल असा घ्या. "जगाचं सत्य" वगैरे नको.

२. नियम लिहून काढा, डोक्यात ठेवू नका

डोक्यातले नियम संकटात वितळतात. लांडगा अंगावर आला की बोट आपोआप हल्ल्याच्या बटणावर जातं. आणि लक्षात ठेवा, स्कायरिममध्ये प्रत्येकाला सुरुवातीलाच दोन मंत्र येतात, फ्लेम्स आणि हीलिंग, म्हणजे आग तुमच्या हातात पहिल्या मिनिटापासून आहे. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं:

- शस्त्र हातात घ्यायचं नाही. फ्लेम्स कधीच नाही.
- फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी मारणं) नाही. चालत किंवा गाडीने.
- पळणं, लपणं, समजावणं, लाच देणं, सगळं चालेल.
- फ्युरी नाही.

शेवटच्या नियमावर लोक वाद घालतात. फ्युरी हा इल्युजनमधला (समोरच्याच्या मनावर चालणाऱ्या जादूतला) मंत्र, समोरचा पिसाळतो आणि जवळ जो असेल त्याच्यावर तुटून पडतो. "मी तर हातही लावला नाही" असं म्हणत दोन डाकूंना एकमेकांच्या अंगावर सोडायचं आणि मग दोघांचे खिसे तपासायचे, याला माझ्या मते न लढणारा म्हणता येणार नाही, तलवारवाला निदान स्वतः पुढे होतो. पण हे माझं मत. तुमचा अभ्यासक थोडा हलकट असेल तर असू दे की, फक्त तसं लिहून ठेवा.

३. वंश, दगड आणि लेव्हल

वंश पटकन: ब्रेटन घ्या, जादूपासून २५ टक्के संरक्षण जन्मजात मिळतं. हाय एल्फला ५० मॅजिका (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) जास्त मिळते, तोही चांगला. इम्पीरियलला दिवसातून एकदा माणसांना शांत करायची शक्ती असते, बोलका अभ्यासक असेल तर मजा येते. बाकी कोणताही घेतला तरी काही बिघडत नाही.

दगडांपाशी मात्र बरेच जण फसतात. गेम जिथे सुरू होतो त्या हेल्गनमधून बाहेर पडल्यावर रिव्हरवुडच्या वाटेवर तीन उभे दगड लागतात, योद्धा, जादूगार, चोर. अभ्यासक आहे म्हणून सगळे डोळे झाकून जादूगाराच्या दगडाला हात लावतात. पण अल्केमी आणि स्पीच, म्हणजे औषधं बनवणं आणि बोलणं, ही दोन्ही स्किल या गेममध्ये चोराच्या गटात मोडतात! तुम्ही मुख्यतः वनस्पतीवाले किंवा बोलघेवडे असाल तर चोराचा दगड घ्या, त्या गटातली स्किल २० टक्के जास्त वेगाने वाढतात. इल्युजन आणि एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणं) जादूगाराकडे. नंतर कधी मार्कार्थच्या बाजूला गेलात तर तिथे लव्हर स्टोन आहे, तो सगळ्याच स्किलला १५ टक्के देतो.

आता लेव्हलचं. हे नीट वाचा कारण माझा एक सेव्ह याच्यापायी मेला. तुमची लेव्हल कुठल्याही स्किलने वाढते, औषधं बनवून पण, घासाघीस करून पण. आणि तुमची लेव्हल वाढली की समोरचे शत्रूही जास्त तगडे यायला लागतात. म्हणजे सरायमध्ये शांतपणे दोनशे औषधं उकळलीत तर तिकडे रस्त्यावरचा डाकू पण तुमच्यासोबत मोठा होतोय, आणि तुमचं हेल्थ अजून १०० च आहे. म्हणून दर लेव्हलला मॅजिका-मॅजिका करत बसू नका, निदान दर दुसऱ्या वेळी हेल्थ घ्या. स्टॅमिनापण अधूनमधून, कारण त्याच्यासोबत दरवेळी ५ वजन जास्त उचलता येतं आणि पळायला तोच लागतो. अभ्यासकाचं खरं शस्त्र म्हणजे पाय.

तसंच मफल नावाचा, पावलांचा आवाज दाबणारा मंत्र रिकाम्या खोलीत शंभरदा टाकून इल्युजन वाढवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. चालते ती, पण वरचंच कारण, नको. शिवाय मजाच जाते.

कठीणपणा कधीही बदलता येतो. मी नोव्हिसवर, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीवर खेळलो, अजिबात लाज नाही.

४. हेल्गनमधून जिवंत बाहेर

मॉड नसेल तर सुरुवात ठरलेली, ड्रॅगन येतो, पळापळ. किल्ल्यात शिरताना हॅडवर किंवा रालोफ, एकजण सोबत येतो. तो तिथे मरत नाही, त्यामुळे सगळी मारामारी त्याला करू द्या, तुम्ही दाराशी उभे राहा. वेळ लागतो पण होतं. छळखोलीत पिंजऱ्यात एक मेलेला जादूगार आहे, त्याच्याकडे झगा मिळतो, तो घ्या, कॅरेक्टरला शोभतो. त्याच्याजवळच स्पार्क्स मंत्राचं पुस्तकही असतं, ते विकून टाका. शेवटच्या गुहेत अस्वल झोपलेलं असतं, वाकून कडेकडेने निघून जायचं.

बाहेर आल्यावर सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: ड्रॅगनस्टोन आणू नका. व्हाइटरन शहराचा जार्ल (तिथला सरदार) आणि त्याचा जादूगार फारेंगार तुम्हाला तो दगड आणायला पाठवतात. फारेंगार स्वतः ड्रॅगनवर अभ्यास करणारा, म्हणून वाटतं की अरे आपला माणूस, मदत करूया. करू नका. तो दगड त्याच्या हातात पडला की मुख्य कथेतला हेल्गननंतरचा पहिला ड्रॅगन येतो, आणि तो मेल्यानंतरच देशभर कुठेही अवचित ड्रॅगन उतरायला सुरुवात होते. ती कथा तिथेच थांबवलीत तर आकाश रिकामं राहतं. माझ्या म्हाताऱ्याने दोन महिन्यांत हेल्गनचा सोडून एकही ड्रॅगन पाहिला नाही, आणि त्याला कोणी ड्रॅगनबॉर्न, म्हणजे मुख्य कथेचा नायक, म्हणालं नाही, तो कोणीच नव्हता, हीच तर गंमत होती.

५. पोटापाण्याचं

अभ्यासकाला पैसे लागतात, आणि थडगी लुटायची नाहीत, मग? अल्केमी.

पहिलं औषध मी असं बनवलं. व्हाइटरनच्या बाहेर शेतं आहेत, तिथला गहू तोडला तर चोरी धरत नाहीत. रिव्हरवुडच्या वाटेवर निळी माउंटन फ्लॉवर भरपूर. रिव्हरवुडच्या स्लीपिंग जायंट सरायमध्ये अल्केमीचं टेबल आहे. प्रत्येक पदार्थाला चार गुणधर्म असतात आणि दोन पदार्थांत एक जरी समान निघाला तरी औषध बनतं. गहू आणि निळं फूल यांच्यात दोन समान आहेत, जखम भरणं आणि हेल्थची मर्यादा वाढणं, त्यामुळे एकाच बाटलीत दोन्ही मिळतात आणि किंमतही बरी येते. मी मात्र हे शोधून वाचलं नव्हतं, म्हाताऱ्याने बारा-तेरा जोड्या टाकून बघितल्या, नऊ वाया गेल्या, आणि त्यातली एक जमली तेव्हा खरंच हात उंचावले मी खुर्चीत. म्हणून सांगतो, पाककृतींचे तक्ते उघडू नका. तक्ता उघडलात की तुमचा अभ्यासक कारकून झाला.

विकताना एक अडचण येते. औषधवाल्यांकडे साधारण ५०० च गोल्ड असतं, किराणा टाइप दुकानात ७५०, आणि ते भरायला गेमचे ४८ तास लागतात. एकाच गावात सगळं खपत नाही, फिरावं लागतं, आणि फिरणं हेच हवंय आपल्याला. सरायमधली खोली १० गोल्डला मिळते आणि तिथे झोपून उठलं की काही तास स्किल १० टक्के जास्त वाढतात. अगदीच खिसा रिकामा असेल तर लाकडं फोडा, एका ओंडक्याचे ५ मिळतात. माझ्या म्हाताऱ्याने पहिला आठवडा हेच केलं, पाठ गेली त्याची.

एन्चांटिंगचा विचार असेल तर आत्मा भरलेले सोल जेम दरबारी जादूगारांकडे विकत मिळतात, स्वतः कोणाचा जीव घ्यायची गरज नाही. (कोणाचा आत्मा आहे आत हे विचारू नका.)

६. शांत करायला शिका, आणि त्याची मर्यादा पण

इल्युजनमधला काम (इंग्रजीतला Calm, म्हणजे शांत) नावाचा मंत्र हा आपला मुख्य आधार. समोरचा भांडण थांबवतो, तुम्ही निघून जाता. पण नव्या लोकांना हे कोणी सांगत नाही की त्याला लेव्हलची मर्यादा आहे, साधा काम लेव्हल ९ पर्यंतच्याच प्राण्यांवर आणि माणसांवर चालतो. पुढे पर्क (लेव्हल वाढल्यावर निवडायची खास कला) घेऊन ही मर्यादा वाढते, प्राण्यांसाठी अ‍ॅनिमेज, माणसांसाठी किंड्रेड मेज. मेलेल्या ड्रॉगरवर आणि ड्वेमरांच्या यंत्रांवर तर थेट इल्युजन ९० ला मिळणाऱ्या पर्कशिवाय काहीच चालत नाही.

हे मला कळलं ते सात हजार पायऱ्यांवर. आयव्हरस्टेड गावातून हाय ह्रोथगारपर्यंत ही वाट जाते, वाटेत दहा कोरीव शिळा आहेत, त्या दहाही वाचल्या की एक दिवस कुठलाच प्राणी तुमच्यावर हल्ला करत नाही. अभ्यासकाला यापेक्षा चांगली यात्रा कोणती! खाली लांडगे भेटले, काम टाकला, बसले गपचूप. मी छाती फुगवून वर. अर्ध्या वाटेच्या पुढे कडा वळतो तिथे बर्फातला ट्रोल, तीन डोळे, पांढराफटक. मी थांबलो, हात वर केला, ऐटीत काम टाकला, हिरवट उजेड त्याच्या अंगावर गेला, आणि तो तसाच चालत आला. दुसऱ्या फटक्यात म्हातारा वाटेवरून खाली. त्याची लेव्हल ९ च्या कितीतरी वर असते हे नंतर कळलं.

चौथ्या प्रयत्नात कसा गेलो? अदृश्य व्हायचं औषध पिऊन. लुना मॉथ या पतंगाचे पंख आणि कॉरस या किड्याची अंडी, दोन्ही औषधवाल्यांकडे अधूनमधून मिळतात. वाकून, कड्याला घासून, श्वास रोखून (मी, म्हातारा नाही) त्याच्या मागून गेलो, सातवी शिळा वाचली तेव्हा अजून छाती धडधडत होती. एवढं थरारक मला आख्ख्या गेममध्ये लढून कधी वाटलं नव्हतं.

राक्षसांबद्दल एक ओळ: मॅमथ राखणारे जायंट आपणहून मारत नाहीत, आधी सोटा उगारून इशारा देतात. इशारा दिला की मागे फिरा. "जवळून निरीक्षण" करायला गेलात तर आकाशातून निरीक्षण होईल.

७. सोबत कोणीतरी घ्या

एकट्याने जमेल असं पहिल्यांदा वाटतं. नाही जमत, म्हणजे जमतं पण निम्मी ठिकाणं सोडावी लागतात. आपण मुख्य कथा थांबवल्यामुळे त्या कथेत मिळणारी सोबतीण लिडिया मिळणार नाही. ५०० गोल्ड देऊन भाड्याने मिळणारे आहेत, व्हाइटरनच्या ड्रंकन हंट्समनमध्ये जेनासा, रिफ्टनच्या बी अँड बार्बमध्ये मारकुरियो, विंडहेल्ममध्ये स्टेनवार. फुकटात हवा असेल तर रिव्हरवुडचा फेंडाल, त्याचं आणि स्वेनचं एकाच मुलीवरून भांडण आहे, खोट्या पत्राचा प्रकार आहे सगळा, तो सोडवा आणि जो जिंकेल तो सोबत येतो. लेखणीने मिळवलेला अंगरक्षक, याहून योग्य काय.

मग प्रश्न येतो, सोबतीने मारलेलं तुमच्या नियमात बसतं का? मी जेनासाला घेतलं होतं, आणि असं ठरवलं की ती फक्त हल्ला झाल्यावर लढेल आणि मी तिला कधीच "याला मार" असं सांगणार नाही. दर लढाईनंतर म्हातारा मेलेल्याचं वर्णन वहीत लिहायचा. वीसेक नोंदींनंतर मी रस्ते बदलायला लागलो, डाकूंचे तळ लांबून टाळायला लागलो. नियमाने जे झालं नसतं ते त्या लिहिण्याने झालं.

८. विंटरहोल्डचं कॉलेज

हे जादू शिकवणारं कॉलेज, जायलाच हवं. मोठ्या शहरांबाहेरच्या गाडीवाल्याला ५० गोल्ड दिले की सोडतो. पुलावर फाराल्डा उभी असते, ती एक मंत्र टाकून दाखवायला सांगते, येत नसेल तर ३० गोल्डला तीच विकते. मॅजिका पुरेशी हवी, नाहीतर पुलावरच उभे राहाल थंडीत.

आत गेल्यावर झगा मिळतो, झोपायला खोली मिळते, आणि अर्केनियम म्हणजे ग्रंथालय. ग्रंथपाल उराग, ऑर्क आहे, चिडका आहे, आणि मला पूर्ण गेममध्ये सगळ्यात जास्त आवडणारा माणूस. तो पुस्तकं शोधून आणायची कामंही देतो, पण ती बहुतेक कुठल्यातरी धोक्याच्या जागी पडलेली असतात, त्यामुळे सोबत असेल तरच घ्या.

सापळा इथेही आहेच: टोल्फडिर या शिक्षकाचा पहिला तास झाला की तो सगळ्यांना सार्थालच्या उत्खननाला घेऊन जातो. नाव उत्खनन, आत ड्रॉगर. आणि तिथून पुढची गोष्ट तुम्हाला ओढत नेते, शेवटी तुम्ही आर्चमेज होता, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी महिन्याभरात कुलगुरू! मी तास झाल्यावर सार्थालला गेलोच नाही. कॉलेज काही हाकलत नाही, ग्रंथालय उघडं, शिक्षक शिकवतात (दर लेव्हलला पाचदाच, पैसे घेऊन), सगळं चालू राहतं.

९. बिनरक्ताच्या क्वेस्ट

क्वेस्ट म्हणजे गेममधली लोक सांगतात ती कामं. या सगळ्या मी स्वतः एकही जीव न घेता केल्यात:

- कॉलेजात ड्रेव्हिस नेलोरेनसाठी जादूचे तीन झरे साफ करणं. तो हातमोजे देतो, ते घालायला विसरू नका.
- ब्रेलिना नावाची विद्यार्थिनी तुमच्यावर मंत्राचा सराव करते. काय होतं ते सांगत नाही, उभे राहा फक्त.
- रिफ्टनच्या मारा नावाच्या देवीच्या देवळातली बुक ऑफ लव्ह. देशभर फिरून जोड्या जुळवायच्या, आणि त्यातली एक जोडी म्हणजे मार्कार्थचा कॅल्सेल्मो, ड्वेमरांचा मोठा अभ्यासक, ज्याला फालीनशी बोलायची हिंमत होत नाही. तिला काय आवडतं ते इंगवार नावाच्या गवयाला विचारायचं, तो कवितेचे २०० गोल्ड उकळतो. ही क्वेस्ट कुठल्याही अभ्यासकाने करावीच, शेवटी जादूपासून १५ टक्के संरक्षण कायमचं मिळतं ते वेगळंच.
- रिफ्टनमधल्या इंगुन ब्लॅक-ब्रायरला प्रयोगांसाठी वीस-वीस वनस्पती हव्या असतात, त्यात वीस निर्नरूटही. जीव तुटतो द्यायला.

सॉलिट्यूडचं बार्ड्स कॉलेज नावावरून आपलं वाटतं पण प्रवेशासाठीच थडग्यात उतरावं लागतं. सोबत असेल तर बघा.

१०. वही

गेममध्ये स्वतःची डायरी लिहायची सोय नाहीये, म्हणून बाहेरची वही. दर बसण्याच्या शेवटी पाच ओळी, कॅरेक्टरच्या तोंडून. कुठे गेलो, काय पाहिलं, काय कळलं नाही. "कळलं नाही" हा रकाना रिकामा राहू देऊ नका, पुढच्या वेळी कुठे जायचं ते तिथूनच कळतं.

पुस्तकांबद्दल: दुकानात किंवा कोणाच्या घरात पडलेलं पुस्तक उघडून वाचलं तर चोरी नाही, उचललं तर चोरी. गेममध्ये प्रत्येक स्किलची पाच, अशी एकूण ९० पुस्तकं आहेत जी नुसती वाचून स्किल एकाने वाढतं, ती पण जागेवरच वाचता येतात. सगळी पुस्तकं गोळा करत सुटू नका, एकेक वजन भरतं आणि एकूण मर्यादा ३००. मी एका वेळी सहाच बाळगायचो. हर्थफायर ही गेमची पुरवणी असेल तर ५००० गोल्डला जमीन घेऊन स्वतःचं घर बांधता येतं, पूर्वेकडच्या भागात ग्रंथालय निवडायचं. ते मात्र निवांत, पैसे साठल्यावर.

११. शेवटचा प्रवास

एक दिवस असा येतो की प्रश्नाचं उत्तर धोक्याच्या जागीच आहे. निर्नरूटची लाल जात फक्त ब्लॅकरीचमध्ये उगवते, जमिनीखालच्या त्या अंधाऱ्या शहरात. तिथे सिंडेरियन नावाच्या अभ्यासकाची प्रयोगशाळा आहे, आणि त्याचा सांगाडा. त्याची डायरी वाचली की ३० लाल निर्नरूट गोळा करायचं काम सुरू होतं.

तयारी म्हणून मी चौदा अदृश्य औषधं, मफल, आणि जेनासा एवढं नेलं. जायचं असेल तर आधी विंटरहोल्डच्या उत्तरेला बर्फात राहणाऱ्या सेप्टिमसकडून ब्लॅकरीच उघडणारा गोळा घ्यावा लागतो. आणि औषधं मोजताना हे धरा, मी धरलं नव्हतं: अदृश्य असताना कशालाही हात लावला की तुम्ही दिसायला लागता. म्हणजे प्रत्येक रोप तोडलं की औषध वाया. म्हणून आधी अदृश्य होऊन जवळ जायचं, आजूबाजूला बघायचं, एका ठिकाणची दोन-तीन रोपं पटापट तोडायची आणि मग दगडामागे बसायचं. आवाजावरून सापडतात ती, हेडफोन लावा. चौदा औषधं अकरा रोपांत संपली, उरलेल्या एकोणीसांसाठी मी परत वर येऊन महिनाभर पंख गोळा केले.

तीस झाली की रिफ्टनजवळच्या सारेथी फार्मवर अव्रुसाकडे जायचं, ती त्या सिंडेरियनचीच शिष्या. बक्षीस म्हणून औषध बनवताना २५ टक्के वेळा एकाच्या जागी दोन मिळतात. गुणगुणते का, ते तिलाही माहीत नव्हतं. वहीत तो रकाना अजून तसाच आहे.